कंपनी मागे उभी राहील का?

डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर 'प्रीमियर' हे नाव अजून पत्त्यांत टिकून आहे. प्रीमियर कॉलनी, प्रीमियर मैदान. मैदानावर राजकीय सभा होतात आणि आजूबाजूला उंच इमारती चढत आहेत. तिथं राहायला येणाऱ्या नव्या पिढीतल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल की हे नाव एका मोटार कंपनीचं आहे. या रस्त्यावर तिचा कारखाना होता, तो कल्याणचा कारखाना म्हणून ओळखला जाई, आणि नव्वदच्या दशकात तिथून फ्रेंच रचनेची मोटार बाहेर पडत होती.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतलं मध्यमवर्गीय कुटुंब गाडी घ्यायला निघालं की रंग आणि फीचर्स यांच्या आधी तीन प्रश्न विचारतं. गावाला जाताना रस्त्यात बंद पडणार नाही ना? पडलीच, तर तिथला मेकॅनिक तिला हात लावेल का? आणि पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर किंमत येईल का? या तिन्हींच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न आहे. गाडी विकून झाल्यावर कंपनी मागे उभी राहील का? शोरूममधला विक्रेता या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. ते शेजारी, मेहुणे, ऑफिसातले सहकारी आणि ओळखीचा गॅरेजवाला यांच्याकडून मिळतं. हा प्रश्न विचारण्याची सवय या भागाला कशी लागली, तिचा हा मागोवा.

आधी इथल्या गाडीचं काम काय ते पाहायला हवं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली रेल्वे आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून या पट्ट्याचा रोजचा प्रवास रेल्वेनं ठरवला. आजही डोंबिवलीतला नोकरदार लोकलनं जातो आणि गाडी इमारतीखाली आच्छादन घालून उभी असते. ती चालते रविवारी, सणाला, लग्नकार्याला, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायला आणि मुख्य म्हणजे गावाला. गाव कोकणात असेल तर कशेडी घाट, नाशिककडे असेल तर कसारा, जुन्नर-ओतूरकडे असेल तर माळशेज. आठवडाभर जागची न हललेली गाडी गणपतीच्या आदल्या पहाटे चार वाजता एका चावीत सुरू व्हावी, पाच माणसं आणि सामान घेऊन चारशे किलोमीटर जावी, ही इथल्या भरवशाची व्याख्या आहे. रोज गाडी चालवणाऱ्याला तिच्यातला बिघाड हळूहळू कळत जातो. इथल्या मालकाला तो कळतो तो थेट घाटात, घरातली सगळी माणसं गाडीत असताना.

या भरवशाची पहिली शाळा म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात कारखाना उभारला. सुरुवातीला तिथं डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकी गाड्यांची जोडणी होत असे. त्याही आधी परदेशी कंपन्या मुंबईत येऊन बसल्या होत्या. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये शिवडीला जोडणी कारखाना सुरू केला होता, फोर्डही भारतात आली होती. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशननं मोटार उद्योगाची पाहणी केली आणि 1953 मध्ये सरकारनं धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग टप्प्याटप्प्यानं इथंच बनवले पाहिजेत. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी काढता पाय घेतला. प्रीमियरसारख्या देशी कंपन्या राहिल्या. परदेशी नाव निघून जातं आणि गाडी मालकाकडे राहते, याचा हा पहिला अनुभव होता. तेव्हा मोटार श्रीमंतांची असल्यामुळे त्याची झळ फार घरांना लागली नाही.

प्रीमियरनं पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटची 1100 ही गाडी बनवायला घेतली. तीच पुढे सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर आणि पिढ्यानपिढ्या न बदललेली रचना. परवाना राजच्या त्या काळात ॲम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढीच निवड होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. निवडच नसेल तर नावलौकिकाला काय अर्थ, असं वाटेल. पण सगळ्यात घट्ट विश्वास याच काळात जमला आणि तो कंपनीवर नव्हता, मेकॅनिकवर होता.

फियाट काही बिनतक्रार गाडी नव्हती. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल शिरली की ती सुरू होत नसे. खंडाळ्याच्या चढावर रेडिएटर उकळे आणि बॉनेट उघडून गाडी गार होण्याची वाट पाहावी लागे. पण तिचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. पॉइंट घासणं, प्लग साफ करणं, कार्बोरेटर उघडून फुंकणं हे कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री करू शके, कित्येक मालकही करत. सुटे भाग कुठंही मिळत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं तर हे ज्ञान हजारो हातांत पोचवलं. गाडी बंद पडेल हे गृहीत होतं, आणि ती पुन्हा सुरू होईल हेही तितकंच गृहीत होतं. आजही गाडी घेताना 'गावाकडचा मेकॅनिक हिला ओळखतो का' असं जे विचारलं जातं, ते याच काळाचं देणं आहे.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 च्या चाव्या ग्राहकाच्या हाती दिल्या आणि भरवशाची व्याख्याच बदलली. 796 सीसीचं छोटं सुझुकी इंजिन, हलकं अंग, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आता गाडी बंद पडेल हे गृहीत धरण्याची गरज उरली नाही. मारुतीचं खरं काम मात्र गाडी विकल्यानंतर सुरू झालं. कंपनीनं प्रशिक्षण दिलेली अधिकृत सर्व्हिस स्टेशनं तिनं देशभर उभी केली, सुट्या भागांच्या किमती ठरवून दिल्या, आणि हे जाळं तालुक्याच्या गावांपर्यंत नेलं. कोकणात किंवा घाटावर गाव असलेल्या डोंबिवलीकराला याचा अर्थ लगेच कळला. शहरात घेतलेल्या गाडीचं काम गावच्या वाटेवरही होऊ शकतं, हे मोठं आश्वासन होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला देशात विकल्या जाणाऱ्या दर पाच मोटारींतल्या साधारण चार मारुतीच्या होत्या. पुढे जे. डी. पॉवरच्या ग्राहक-समाधान पाहणीत मारुती 2000 पासून सलग दहाहून अधिक वर्षं पहिली आली.

1993 मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला आणि जगातल्या कंपन्या भारताच्या दाराशी आल्या. प्रीमियरनं फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली. पाल-प्यूजो कंपनी स्थापन झाली आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यातून प्यूजो 309 बाहेर पडू लागली. 1.4 लिटरचं पेट्रोल इंजिन किंवा 1.5 लिटरचं डिझेल इंजिन. मारुती 800 आणि पद्मिनी पाहत वाढलेल्या डोळ्यांना ती ऐसपैस आणि आधुनिक वाटली. युरोपातलं मोठं नाव, देशातली जुनी कंपनी आणि कारखाना आपल्याच गावच्या रस्त्यावर. विश्वास ठेवायला याहून जास्त काय हवं?

तरीही ते टिकलं नाही. कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात संघर्ष झाला, संप झाला. प्रीमियरनं त्याच सुमारास फियाटबरोबर उनो गाडीसाठी वेगळा करार केला, तो प्यूजोला रुचला नाही. 1997 मध्ये प्यूजो भारतातून निघून गेली. गाडी घेतलेल्यांसमोर सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. नोंदणीसाठी पैसे भरून बसलेल्यांना आगाऊ रक्कम परत मिळवण्यासाठी झगडावं लागलं. फियाट उनोलाही सुरुवातीला प्रचंड प्रतिसाद मिळाला, अडीच लाखांहून जास्त नोंदण्या झाल्या, पण कुर्ल्यातून गाड्या वेळेत बाहेर पडेनात. लोकांनी वाट पाहिली, कंटाळले आणि दुसरीकडे वळले. पद्मिनीचं उत्पादनही 2000 च्या आसपास थांबलं. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या, शेजारच्या रस्त्याला तेवढं प्रीमियर रोड हे नाव राहिलं.

या कथेतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग इंजिनाचा आहे. प्यूजो 309 मधलं 1.5 लिटरचं डिझेल इंजिन, टीयूडी 5, उत्तम होतं. मारुतीनं तेच प्यूजोकडून घेतलं आणि आपल्या झेन व एस्टीम या गाड्यांच्या डिझेल आवृत्तीत बसवलं. पुढे 2009 मध्ये प्रीमियरनं चिंचवडहून रिओ ही छोटी एसयूव्ही आणली, तिच्यातही तेच इंजिन होतं. म्हणजे एकच इंजिन, तीन नावं आणि तीन वेगवेगळी नशिबं. झेन डिझेलचा मालक निर्धास्त होता, कारण मारुतीचं सर्व्हिस सेंटर जवळ होतं. 309 चा मालक भाग शोधत फिरला. रिओला बाजारानं फारसं विचारलंच नाही. यंत्र तेवढ्याच ताकदीचं असताना खरेदीदारानं एका नावावर पैसे लावले आणि दुसऱ्यावर लावले नाहीत. हा निव्वळ नावाचा मोह होता, असं म्हणणं अन्याय होईल. त्यानं इंजिनाबरोबर पुढच्या दहा वर्षांची सेवा विकत घेतली होती.

डेव्हूनं हा धडा आणखी पक्का केला. 1995 मध्ये सिएलो आणि 1998 मध्ये मॅटिझ घेऊन आलेली ही कोरियन कंपनी काही वर्षांतच मायदेशी कर्जाखाली कोसळली आणि भारतातला तिचा कारभार बंद पडला. जनरल मोटर्सनं कोरियातली डेव्हू विकत घेतली आणि 2007 मध्ये मॅटिझचीच पुढची पिढी शेवरोले स्पार्क म्हणून इथं आणली. तळेगावला तिचा मोठा कारखाना उभा राहिला. 2017 च्या अखेरीस जनरल मोटर्सनं भारतातली विक्री थांबवली, 2020 च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन बंद केलं, आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईनं घेतला. शिवडीतून एकदा गेलेली कंपनी दुसऱ्यांदा गेली. फोर्डनंही सप्टेंबर 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तीही दुसऱ्यांदाच. ज्या घरात आधी मॅटिझ होती आणि नंतर स्पार्क आली, त्या घरावर तीच वेळ दोनदा आली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायानं शेजारच्या घरांनी आपले निष्कर्ष काढले.

ह्युंदाईची गोष्ट उलट आहे. तीही कोरियन, तीही 1998 मध्ये सँट्रो घेऊन आली, तेव्हा तिचं नाव इथं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तिनं भागीदार न घेता चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना उभारला, सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आजूबाजूला आणल्या, सेवेचं जाळं वाढवत नेलं आणि ती राहिली. 2019 मध्ये तिची बहीण कंपनी किया आली तेव्हा लोकांनी तिला पहिल्याच वर्षी स्वीकारलं. अनोळखी नावालाही विश्वास मिळू शकतो. त्याला वेळ लागतो आणि गुंतवणूक दिसावी लागते.

टाटांनी तर दाखवून दिलं की एकदा बिघडलेलं नावही दुरुस्त होतं, पण त्याला एक पिढी लागते. 30 डिसेंबर 1998 रोजी इंडिका बाजारात आली. भारतीय कंपनीची स्वतःची गाडी म्हणून लोकांचा अभिमान जागा झाला आणि एका आठवड्यात 1 लाख 15 हजार नोंदण्या झाल्या. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनीनं त्या मान्य केल्या, सुधारणा केल्या आणि 2001 मध्ये व्ही 2 आणली. ती चांगली चालली. पण डिझेल इंडिका टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली आणि घरगुती खरेदीदाराच्या मनात 'टाटाचं फिनिशिंग' हा आक्षेप दीर्घकाळ राहिला. तो हलला तो सुरक्षिततेनं. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतीय गाड्यांच्या अपघात-चाचण्या जाहीर केल्या, तेव्हा देशातल्या लोकप्रिय छोट्या गाड्यांना शून्य तारे मिळाले होते, त्यात टाटांची नॅनोही होती. डिसेंबर 2018 मध्ये टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची मोटार. 2024 या वर्षात दोन लाखांहून जास्त खपून टाटांची पंच देशातली सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली. जवळपास चाळीस वर्षं या जागेवर मारुतीचीच कोणती ना कोणती गाडी असे.

भरवशाच्या हिशोबात यामुळे चौथा प्रश्न आला. गाडी धडकली तर आतली माणसं वाचतील का? मुंबई-गोवा महामार्गाची वर्षानुवर्षांची रखडपट्टी आणि त्यावरचे अपघात पाहिलेल्या लोकांना हा प्रश्न पटायला वेळ लागला नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. मारुतीलाही याची दखल घ्यावी लागली, 2024 मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले.

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर नावलौकिकाचं मोल रुपयांत मोजता येतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये याच बाजाराचं उदाहरण घेऊन निबंध लिहिला आणि त्या विचाराबद्दल 2001 मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. विकणाऱ्याला गाडीचं सगळं ठाऊक असतं, घेणाऱ्याला काहीच नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराबच असेल असं धरून भाव पाडतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. हमी आणि नावाजलेली छाप हे त्यावरचे उतारे, असं ॲकरलॉफ यांनी तिथंच लिहिलं आहे. ठाणे-कल्याणच्या खरेदीदारानं आपला तिसरा उतारा शोधला, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेणं. एमएच 04 किंवा एमएच 05 पासिंगची, पहिल्याच मालकाची, सर्व्हिसची नोंद असलेली गाडी लोक का शोधतात, याचं कारण हेच. गाडी जवळची असली की तिचा इतिहास विचारता येतो.

26 जुलै 2005 च्या पुरानं त्या चौकशीत आणखी एक कलम घातलं. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, कल्याण-डोंबिवली परिसर पाण्याखाली गेला आणि असंख्य गाड्या बुडाल्या. त्यानंतर जुनी गाडी पाहायला गेलेला जाणता माणूस सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतो, गालिचा उचलतो, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून गाळाचा माग काढतो. ही तपासणी इथल्या लोकांनी स्वतःच्या नुकसानीतून शिकून एकमेकांना शिकवली आहे.

ऐंशी वर्षांची ही साखळी पाहिली की इथल्या खरेदीदाराबद्दल आदर वाटतो. त्याला अनेकदा भित्रा म्हटलं जातं. सगळे घेतात तीच गाडी घेतो, नवं काही करून पाहत नाही, असा आरोप होतो. मला तो मान्य नाही. दोन-तीन वर्षांची बचत आणि सात वर्षांचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे, ज्यानं आपल्याच गावच्या रस्त्यावरचा कारखाना बंद पडलेला पाहिला आहे, त्यानं 'कंपनी राहील का' असं विचारणं हा त्याचा शहाणपणा आहे. कंपनी गेली तर तोटा त्यानंच सोसायचा असतो.

पण हा शहाणपणा आता एकट्यानं पुरा पडणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. फियाटचा कार्बोरेटर नाक्यावरचा मिस्त्री उघडू शके. आजच्या गाडीत दोष शोधायला कंपनीचं स्कॅनर लागतं, सॉफ्टवेअर लागतं, आणि विजेवरच्या गाडीची बॅटरी तर बहुतेक गॅरेजवाल्यांच्या आवाक्याबाहेर आहे. अनेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षांची हमी देतात. ती हमी देणारी कंपनीच उद्या निघून गेली, तर कागदाचं काय करायचं? मेहुण्याच्या अनुभवातून याचं उत्तर मिळणार नाही, कारण त्यानंही ही गाडी पहिल्यांदाच घेतली आहे.

काही पावलं पडली आहेत. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानं सदोष गाड्या परत बोलावण्याचे अधिकार सरकारला दिले. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. याच्या पुढे जायला हवं. भारतात गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं शेवटची गाडी विकल्यापासून किमान दहा वर्षं सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती उपलब्ध ठेवावी, आणि ती निघून गेली तरी तो खर्च भागेल इतकी रक्कम आधीच वेगळी ठेवावी, अशी कायदेशीर अट घातली पाहिजे. कोणत्या गाडीत किती दोष निघाले आणि किती गाड्या परत बोलावल्या, हे मराठीतून सहज वाचता यावं. ज्या महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ सत्तरच्या दशकात रुजली, तिथून ही मागणी उठणं स्वाभाविक ठरेल. कंपनी मागे उभी राहील का, हा प्रश्न आजवर एकेका घरानं आपापल्या बळावर सोडवला. यापुढे त्याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे.